घोडेस्वाराचा लंगोट

"सोनारदादा, ह्येला धोतर नेसवा," असं म्हणत हवालदारीणबाईंनी चांदीचं मेडल माझ्या पुढ्यात ठेवलं.

भोरच्या पेठेत माझं दुकान. मेडल त्यांच्या यजमानांचं, पहिल्या महायुद्धातल्या विजयाचं. पुढे बादशहाचा मुखडा. मागे घोडेस्वार, अंगावर चिंधीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी माजी सैनिकांचा मेळावा होता. मोठा साहेब येणार होता आणि हवालदारांना पुढच्या रांगेत खुर्ची होती.

"वाऱ्यानं उलटलं म्हंजी? चार बायामाणसांत ह्यो उगडा? तसलं लावनार आसाल तर म्या न्हाई येत!"

हे मागून आलेल्या हवालदारांना होतं. ते कळवळून म्हणाले, "अगं, ती खूण हाय! टापंखाली ढाल हाय, तिच्यावर गरुड. गरुड म्हंजी जर्मनीचं राज्य. खाली कवटी, म्हंजी मरान. दोनी तुडवलं, म्हनून वर सूर्य उगावलाय."

"मग कापडं घालून तुडवाया काय झालं हुतं?"

मला हसू आवरेना.

"सरकारी वस्तू हाय," हवालदारांनी मला बजावलं. "छिन्नी लागली तर सायेब काढून घील." पण बायकोला सोडून मेळाव्याला जायचंही त्यांच्या जिवावर आलं होतं.

पोकळ दागिन्यात आम्ही लाख भरतो. निवली की घट्ट, ऊब दिली की पुन्हा सुटते. मी लाल लाखेचा तिळाएवढा ठिपका घेतला आणि सुईनं ओढून स्वाराला लंगोट चढवला.

"आता कसा माणसावानी दिसतोय," बाई म्हणाल्या.

मेळाव्याला मी मागे उभा राहिलो. धाकधूक माझीच जास्त होती. मेडलच्या कडेवर शिपायाचं नाव कोरलेलं असतं. साहेब नेमका ते वाचायला हवालदारांपाशी थांबला, मेडल फिरवलं आणि बघतच राहिला.

"हे काय?" त्याला मराठी चांगलं येत होतं.

हवालदार ताठ उभे. "लंगोट, सायेब. आमच्याकडं लंगोट लावल्याबिगर कुनी आखाड्यात उतरत न्हाई."

साहेबाच्या मिशा थरथरल्या. "बरोबर आहे," म्हणाला आणि हसत पुढे गेला. माझा जीव भांड्यात पडला.

पुढच्या आठवड्यात नसरापूर, भाटघर, पार वेल्ह्याहून मेडलं आली. सगळी बायकांनी पाठवलेली. एकीला लंगोट हिरवा हवा होता, तोही दिला.

तेव्हापासून एक नियम केला. नवरा-बायकोचं एकमत नसेल त्या कामाला छिन्नी लावायची नाही. लाख लावायची.