सीताबर्डीतली शेवटची पाटवडी

सीताबर्डीच्या मागच्या गल्लीतले आमचे सावजी भोजनालय हिंगण्याच्या रस्त्यावर जाणार असे कळले, तेव्हा तिथले शेवटचे जेवण पत्नीसोबत घ्यायचे मी ठरवले. सव्वीस वर्षे मी तिथे जेवत आलो, बहुधा कचेरीतल्या मित्रांबरोबर. तिला एकदाही नेले नव्हते. सावजीकडे पुरुषांनीच जायचे, अशी आमच्याकडची रीत असल्याचे मी स्वतःला सांगत असे. खरे कारण वेगळे होते.

लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी तिचा धाकटा भाऊ खाप्याहून प्रथमच आमच्याकडे जेवायला आला. तिने सकाळपासून खपून पाटवडी-रस्सा केला. बेसन शिजवून थापलेल्या वड्या, वर खोबरे-कोथिंबीर, सोबत तर्रीचा रस्सा. पहिला घास घेऊन मी हसत म्हणालो, की सावजीच्या रश्श्याची सर याला नाही. हिला तिथे शिकायलाच पाठवले पाहिजे. भाऊ मान खाली घालून जेवत राहिला. त्यानंतर आमच्या घरी पाटवडी झाली नाही. मी कधी विचारले नाही, तिने कधी सांगितले नाही.

त्या रविवारी दुपारी भोजनालयात अर्धी बाके हलवलेली होती. मसाला वाटायचा पाटा आधीच नव्या जागी गेल्यामुळे मिक्सरवर वाटावा लागला, याबद्दल मालकीणबाईंनी वाढतानाच आमची माफी मागितली. किती सहज मागितली! मग पत्नीकडे वळून त्या म्हणाल्या, "साहेब तं हप्त्याले येतेत. तुमाले काहून नाही आणलं वं बाई?"

पत्नीनेच सांगितले, की ते मित्रांसोबत येतात, आपल्यालाच सवड होत नाही.

तिने वडी बोटांनी मोडून रस्सा आत मुरला आहे का ते पाहिले. मग सावकाश जेवली, अर्धी भाकरी अजून मागून घेतली. मी तिचा चेहरा न्याहाळत होतो. लाज वाटते, पण तिला ते आवडू नये अशी माझी इच्छा होती. तिने नाक मुरडले असते, तर माझे जुने बोलणे आपोआप खोटे ठरले असते आणि मला काही म्हणावे लागले नसते.

"चांगला आहे," ती म्हणाली. "माह्यापेक्षा चांगला आहे. तुम्ही खोटं नव्हते बोलले."

म्हणजे तिच्याही मनात तोच दिवस होता. मी हातातला घास ताटात ठेवला. इतक्या वर्षांत मनाशी अनेकदा जुळवलेली वाक्ये बोलू लागलो, की चव खरी असली तरी मी जे केले ते... तिने मला थांबवले. आवाज चढवला नाही.

"मले काहून सांगता? भावासमोर बोलले होते, भावासमोरच म्हणा."

पुढच्या रविवारी आम्ही खाप्याला गेलो. ताटे वाढून झाल्यावर मी मेहुण्याला तो दिवस सांगितला आणि माझी चूक कबूल केली. तो संकोचला.

"जाऊ द्या ना भाऊजी. मले तं आठवतही नाही."

"मले आठवते," पत्नी म्हणाली. "तू आयकून घे."

त्याने हात ताटाबाहेर घेतला. मी पुन्हा पहिल्यापासून सांगू लागलो.