किल्ल्यांच्या काकू

फतेगंजच्या आमच्या इमारतीतली निम्मी घरं बंद असतात. माणसं परदेशात मुलांकडे. सगळ्यांच्या किल्ल्या वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे. पावसाळ्यात जरा ऊन पडलं की त्या एकेक घर उघडतात, पंखे लावतात, व्हिनेगरच्या फडक्याने कपाटांवरची बुरशी पुसतात. रिकाम्या खोल्यांतून पडदे तरंगायला लागतात. "घराला हवा जोईए, नाहीतर रुसून बसतं," त्या पडद्यांनाच सांगितल्यासारखं आपल्या गुजरातीमिश्रित मराठीत म्हणतात.

समोरचे अण्णा गेल्या महिन्यात कॅनडात वारले. बातमी मला काकूंनीच दिली. आज अण्णांचं दार उघडं होतं. काकूंनी अण्णांच्या चपलांवरची पांढरी बुरशी पुसली, चामड्याला तेलाचं बोट लावलं आणि चपला दाराबाहेर जोडीने ठेवल्या, अण्णा आत्ताच फिरून आल्यासारख्या.

मी पावलं न वाजवता जिना उतरलो.