पिवळी चरबी

नाशिक रोडच्या बड्याच्या, म्हणजे बैलाच्या मटणाच्या दुकानात ती दर रविवारी माझ्यापुढे उभी असायची. आमच्याच बौद्ध वस्तीतली असावी. नाव कधी विचारलं नाही. मटण घेण्याआधी ती चरबीवर बोट फिरवायची आणि म्हणायची, "चाचा, पिवळीच द्या."

मी पांढरीवाला. पांढरी कशी स्वच्छ दिसते! एकदा तिला तसं म्हणालो, तर ती हसली.

"दादा, दावणीला कडबा-पेंड खाल्लेल्याची पांढरी. हिरवं गवत चरलेल्या आमच्या डांगी बैलाची पिवळी. घोटीच्या वरल्या डोंगरात माझं म्हायेर हाय ना."

बहात्तरच्या दुष्काळात दुकानात नुसती पांढरीच येऊ लागली. "तिकडं गवत नसंल राह्यलं," एवढंच ती पुटपुटायची आणि थोडंसं मटण घेऊन निघायची.

पाऊसपाणी झाल्यावर एका रविवारी ती रांगेत माझ्यामागे होती. तिला पाहून चाचांनी माझं मटण तोलायचं थांबवलं आणि पळसाच्या पानात बांधून ठेवलेला तुकडा तिच्या हातावर ठेवला. तिने पान उघडलं. आत पिवळीधमक चरबी होती.

"आमच्याकडं गवत आलं!" तिने सगळ्या रांगेला सांगितलं, आणि मटण घ्यायचं विसरून, तेवढं पान घेऊनच घरी गेली.