हिसक्यातली चांदी

हुपरीहून कोल्हापूरला येणाऱ्या एसटीत ती बाई माझ्या शेजारी बसली होती. पायात कारखान्यातले जाड बूट आणि मांडीवर लोणच्याची काचेची बरणी. बरणीत राखाडी गाळ होता. गाडी आदळली की ती बरणी डोळ्यांसमोर धरायची, एक डोळा मिटून बघायची आणि गाळ जिथवर बसला तिथे काचेवर स्केचपेनाने खूण करायची.

मी न राहवून विचारलं, “हे काय?”

“चांदी घासल्यालं पाणी. ह्या गाळात चांदीची पूड हाय. ती येगळी काढणारा हलता पट्टा बनवतोय मी. हिसका किती द्यायचा, तेवढं चुकलं तर चांदी गटारात जाणार.”

“मग एसटीतनं कशाला आणलं? सगळं ढवळतंय की.”

“त्यासाठीच बसलोय की! टेबलावर गाळ शहाण्यासारखा वागतोय. हिसका बसला की खरं काय ते दावतोय.”

तेवढ्यात ड्रायव्हरने एक मोठा खड्डा सफाईने चुकवला. आम्ही सगळे खूश. ती मात्र उभी राहून ओरडली, “मामा, चुकवू नका की! फुडचा मधोमध घ्या!”

ड्रायव्हरने आरशातून तिच्याकडे बघितलं आणि खरंच पुढच्या खड्ड्यात गाडी घातली. सगळी बस सीटवरून उडाली. पाठीमागून शिव्या आल्या. या रस्त्याला मीही रोज शिव्याच देत आलोय.

तिने बरणी उजेडात धरली. तळाशी चकाकती बारीक रेघ बसली होती.

ती उठली आणि ती रेघ दाखवायला सगळ्यात आधी ड्रायव्हरकडे गेली.