माझ्या नंबरावरचं वायफाय

चाकणला कंपन्यांच्या रस्त्यावर माझी छोटी खानावळ आहे. समोरच्या खांबावर एका कंपनीने फुकटच्या वायफायचा डबा बसवला, तेव्हापासून लेक दुपारी सासूचा डोळा लागला की व्हिडिओ कॉल करायची. नवरा हात उचलतो, हे ती फक्त मला सांगायची. मी तिचा गाल बघायचे आणि ऐकून घ्यायचे.

त्या वायफायसाठी नंबर टाकला की मोबाइलवर ओटीपी येतो. शिफ्ट सुटून जेवायला येणाऱ्या बाहेरगावच्या कामगारांचं सिम बऱ्याचदा बंद असायचं. ते माझा नंबर टाकायचे.

"मावशी, ओटीपी आला का?"

मी पिठाच्या हाताने मोबाइल पुढे करायचे. ताटावर बसलेल्याने मीठ मागितलं तर आपण नाही म्हणत नाही, तसंच ते.

"मावशीचा नंबर म्हणजे आपलं रेशन कार्ड!" म्हणून ते हसायचे.

एक दिवस पोलीस आले. याच वायफायवरून कुणीतरी एका ठेकेदाराला जिवे मारायची धमकी पाठवली होती. वायफायवाल्या कंपनीने त्यांना दिलेला नंबर माझा होता.

"मावशी, तुम्ही दिली असं आम्हीपण म्हणत नाही," हवालदार म्हणाले. "पण मग दिली कुणी?"

येणारे येतात, काम संपलं की दुसऱ्या गावाला जातात. मी फक्त त्यांची भूक ओळखते.

"वरून परवानगी आलीय. आता या नंबरावर काय येतं-जातं ते कंपनी आम्हाला देणार. कुणाला बोलायचं नाही. घरच्यांनासुद्धा."

"साहेब, बोलणं पण ऐकू येतं का?"

"ते तुम्हाला कशाला? चहा टाका."

डबा दुरुस्त करायला येणाऱ्या माणसालाही मी विचारलं. "मी शिडीवाला, मावशी. वरचं वरच्यांना," एवढंच तो म्हणाला.

मला भीती वेगळीच होती. लेकीचं बोलणं ऐकून पोलिसांनी तिच्या सासरी एक फोन केला, तर तिच्या हातातला मोबाइल जाईल आणि मार वाढेल. तिला सावध करायचं, तर तेही याच नंबरावरून.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आई, काल परत त्यांनी..."

"भाजी काय केलीस गं?"

"आई, ऐक ना."

"गवार मिळते का तिकडं? इकडं फार महाग झालीय."

ती म्हणाली, "तुलापण कंटाळा आला ना माझा?"

"नाही गं," म्हटलं. त्यापुढचं सगळं तोंडाशी आलं होतं, पण मी परत गवारीचाच भाव सांगू लागले.

पोलीस परत आले नाहीत. ऐकणं बंद झालं का, हे कुणी सांगितलं नाही आणि कुणाला विचारावं तेही कळत नाही. लेक अजून फोन करते. सगळं छान आहे म्हणते. फक्त कॅमेरा बंद ठेवते.