न घेतलेला नियम

हे मी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, बोललो नाही, दुकानात बोललो नाही, पोटच्या पोरीलाही नाही. चार वर्षं झाली. तुम्ही समोर बसून ऐकताय असं धरतो आणि सांगतो. पण एक आधीच सांगून ठेवतो — दिवस आनंदाचा होता. त्या अर्ध्या दिवसात मी जितका हसलो तितका जन्मात हसलो नसेन. म्हणून तर हे बोलायला जड जातं.

निपाणीत माझं भांड्यांचं दुकान आहे. पाण्याशी माझी ओळख घागरी-कळशीपुरती. माझी बायको पद्मा मात्र बोरगावची. वडिलांच्या मळ्यातल्या विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकलेली. तिला बघायला गेलो होतो तेव्हा चहाचा कप पुढे करत तिनं एवढंच विचारलं होतं, "पवायला येतंय का?" आणि मी म्हणालो, "नदी तरून जातोय की!" का म्हणालो? ती विचारताना हसली होती, दुसरं कारण नाही. पुढं पस्तीस वर्षं कधी नदी गढूळ, कधी माझी कंबर धरलेली, असं करत ती थाप मी जपली.

मग बेळगावच्या आमच्या लेकीनं, स्नेहानं, आम्हा दोघांना अंदमानला नेलं. जावई आणि सात वर्षांची नात अन्वीही होती. एके सकाळी स्नेहानं अर्ध्या दिवसासाठी एक आख्खी होडी ठरवली — कॅटामरान. दोन लांबट होड्या शेजारी-शेजारी जोडलेल्या, आणि पुढच्या बाजूला दोन्हींच्या मध्ये घट्ट ताणलेली जाळी. होडीत आम्हीच. जाळीवर पाय पसरून आम्ही कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. होडीवाल्यानंही दोन भाकऱ्या मागून घेतल्या. खाली पाणी इतकं निवळ, की तळाची वाळू मोजावी!

खडकापाशी होडी थांबली. डोळ्यांना काच लावायची, तोंडात नळी धरायची आणि पाण्यावर पालथं पडून मासे बघायचे. अंगात फुगीर जाकीट, त्यामुळे बुडायची भीती नाही. पद्मा सगळ्यांत आधी तयार. पायात ते रबरी पंजे चढवून ती होडीच्या शिडीवर बसली, चेहरा कसा फुललेला, आणि मला म्हणाली, "चला की हो! नदी तरून जानारं तुमी!"

सगळे माझ्याकडे बघत होते. जाकीट घालून उतरलो असतो तरी हातपाय कसे मारतो हे तिला एका क्षणात कळलं असतं — बोरगावच्या पोरीला? काय करायचं? तोंडातून निघून गेलं, "माजा नियम हाय. न गाळलेल्या पान्यात उतरायचं न्हाय."

आम्ही जैन. घरात पाणी गाळल्याशिवाय वापरत नाही, आणि चातुर्मासात महाराजांपुढं कुणी ना कुणी काही नियम घेतोच. घेतलेल्या नियमावर आमच्यात कुणी उलट प्रश्न विचारत नाही. मला ते पक्कं ठाऊक होतं. आता समुद्र कोण गाळणार? स्नेहा तेवढी चिडली, "आप्पा, आत्ता सांगताय व्हय?"

असा नियम मी कधीच घेतलेला नव्हता — कुठल्याच महाराजांपुढं नाही.

पण खरी गोष्ट इथून पुढं आहे. पद्मानं पायातले पंजे काढले. शांतपणे, एकेक करून. म्हणाली, "तुमचा नियम आन् माजा काय येगळा हाय का?" त्या वेळी एक वाक्य पुरलं असतं. पद्मा, मला पोहता येत नाही गं. एवढंच. मी तिचे पंजे हातात घेतले आणि नीट बाजूला ठेवले.

रडली असेल असं वाटतं ना तुम्हाला? छे! काच डोळ्यांवर तशीच ठेवून ती जाळीवर पालथी पडली. अन्वी पाण्यातून हाका मारायची, ही वरून ओरडायची, "निळा गं निळा! आन् त्यो पट्ट्यापट्ट्याचा बग!" मीही शेजारी पालथा पडलो. दोघांच्या गालांवर जाळीचे चौकोन उमटले आणि एकमेकांना बघून आम्ही पोट धरून हसलो. तेवढ्यात एक लाट जाळीतून उसळून तिला चिंब करून गेली. ती दचकून उठली. "अगं बया! मोडला का हो नियम?"

मी गंभीर तोंड करून निकाल दिला, "उडालेलं चालतंय." ती इतकी खूश झाली, की पुढची प्रत्येक लाट तिनं तोंडावर घेतली.

घरी आल्यावर तिनं बस्तीत सगळ्यांना कौतुकानं सांगितलं. बायका अजून माझ्याकडे आदरानं बघतात. मी नमस्कार घेतो. आणि पद्मा तेव्हापासून कुठल्याच पाण्यात उतरलेली नाही. नियम न घेतलेला मी मोकळा, आणि तो पाळत अडकलेली ती. मी अडवलं का? नाही. सोडवलंही नाही.

गेल्या उन्हाळ्यात बोरगावला गेलो होतो. तिच्या वडिलांच्या त्याच विहिरीत अन्वी पाठीला डबा बांधून पोहायला शिकत होती. खालून ओरडत होती, "आज्जी, ये की गं!" पद्मा पायरीवर पाय वर ओढून बसली होती आणि तिथूनच हवेत हात मारून तिला शिकवत होती. पोरीनं पाय आपटले, पाणी वरपर्यंत उडालं. पद्मानं ओला चेहरा तसाच ठेवला, माझ्याकडे वळली आणि हसत विचारलं, "उडालेलं चालतंय न्हवं?"

"चालतंय," मी म्हणालो.