सावकाश येणारी पावलं

नारायण पेठेतल्या एका रुग्णालयात माझी पत्नी अतिदक्षता विभागात होती आणि मी बाहेरच्या बाकावर. समोरच्या टीव्हीवर रोज दुपारी डॉक्टरांची मालिका लागायची. त्यातलं यंत्र वाजू लागलं की आम्ही नातेवाईक दचकून आतल्या दाराकडे पाहायचो.

मग फरशी पुसणाऱ्या मावशी ओला हात पदराला पुसून टीव्हीचा आवाज बंद करायच्या.

"अहो मावशी, बघतोय आम्ही!" एकदा एकजण कुरकुरला.

"बघा की. बघायला आवाज कशाला लागतो?"

पडद्यावर डॉक्टर धावत होते. मी पडद्यावरून नजर वळवलेली पाहून मावशी जवळ आल्या. हळूच म्हणाल्या, "काका, धावण्याला भिऊ नका. इथेही डॉक्टर धावतात, तोवर आशा असते."

"आणि धावायचे थांबले की?"

मावशी खाली वाकून फडकं पिळत राहिल्या.

तेव्हापासून मी दारामागची पावलं ऐकू लागलो. तिसऱ्या दुपारी दार उघडलं. डॉक्टर चष्मा पुसत, अगदी सावकाश माझ्याकडे येत होते. मालिकेतले डॉक्टर अजून धावतच होते.

मावशींनी बादली बाजूला घेतली आणि टीव्ही बंद केला.